राहणं आणि करमणं

मारेगावहून परदेशी फोन लागला की दोन प्रश्न ठरलेले असतात. "काय करून राहिली?" हा पहिला आणि "करमते का तुले तिथं?" हा दुसरा. जेवणाची चौकशी या दोन्हींच्या मधे कुठंतरी उरकते. पलीकडे स्वीडनमधल्या एखाद्या शहरात, एका खोलीत राहणारी मुलगी पहिल्या प्रश्नाला चटकन उत्तर देते: भात टाकला, कपडे धुतले, उद्या सुट्टी आहे. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र ती जरा घुटमळते. हा लेख या दोन प्रश्नांतल्या दोन क्रियापदांचा आहे. एकट्यानं घर करून बसणं आणि त्या घरातून मधूनमधून बाहेर पडणं, या दोन्हींचा इतिहास या क्रियापदांत दडलेला आहे.

गावाची ओळख आधी करून घेऊ. मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय अंगाचं, वणी आणि करंजी यांच्या मधल्या रस्त्यावरचं तालुक्याचं ठिकाण. भोवती कापसाची वावरं, डोंगरकडेला कोलाम आदिवासींची पोडं म्हणजे वस्त्या, एका बाजूला वणीचा कोळसा. इथली पोरं शिकायला वणीला, तिथून नागपूरला नाहीतर अमरावतीला, मग नोकरीला पुण्याला जातात. पुण्यातून स्वीडनला जाणं तर आता तितकंसं नवलाचं उरलेलं नाही. दापोडीच्या सँडविक, ॲटलस कॉप्को आणि अल्फा लावल, चिंचवडची एसकेएफ या मूळच्या स्वीडिश कंपन्या. पुण्याच्या कामगाराला त्यांची नावं शेजाऱ्याच्या नावांइतकी सवयीची आहेत. संगणकाच्या नोकऱ्या आल्यावर तर स्टॉकहोम, योटेबोरी ही नावं मारेगावच्या बसस्टँडवरही ऐकू येऊ लागली.

पहिलं क्रियापद राहणं. मराठीत इतकं राबणारं दुसरं क्रियापद शोधावंच लागेल. पाऊस राहिला म्हणजे थांबला. भाजीत मीठ घालायचं राहिलं म्हणजे विसरलं. दुकानदाराकडे चार रुपये राहिले म्हणजे येणं उरलं. दिवस राहिले म्हणजे घरात पाळणा हलणार. राहू दे म्हणजे नको. आणि मी मारेगावात राहतो म्हणजे माझं घर तिथं आहे. थांबणं, विसरणं, उरणं, गरोदर होणं, नाकारणं आणि घर असणं ही सगळी कामं एकाच शब्दाकडे कशी आली?

उत्तर मुळाशी आहे. राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश 1962 ते 1966 या काळात छापला गेला. त्यात आणि इतरत्रही राहणं, हिंदीचं रहना, गुजरातीचं रहेवुं या सगळ्यांची वाट प्राकृतातल्या रहइ या रूपावरून मागे संस्कृतातल्या रह् धातूपर्यंत जाते. या रह् धातूचा अर्थ मुक्काम करणं असा मुळीच नाही. त्याचा अर्थ सोडणं, वेगळं होणं. ज्याच्यापासून काही सुटलं तो त्या गोष्टीनं रहित. जवळचं माणूस सुटलं की विरह. लोकांपासून सुटलेली जागा म्हणजे रहस्, आणि अशा जागी बोलायची गोष्ट म्हणजे रहस्य. आपलं रोजचं, साधं, भाकरीइतकं ओळखीचं राहणं या घरातलं निघावं याचं पहिल्यांदा नवल वाटतं. पण अर्थ कसा सरकला ते पाहिलं की नवल ओसरतं. बाकीचे निघून गेले, हे सुटलं. सुटलं ते मागं उरलं. उरलं ते तिथंच थांबलं. थांबलं ते तिथलं झालं. मीठ घालायचं राहिलं यात या प्रवासाची पहिली पायरी अजून शाबूत आहे, चार रुपये राहिले यात दुसरी, पाऊस राहिला यात तिसरी. मी मारेगावात राहतो ही चौथी.

या हिशेबानं पाहिलं तर फोनच्या दोन्ही टोकांना राहणंच चाललेलं असतं. मुलगी म्हणते मी स्वीडनला राहते. ते आजच्या अर्थानं बरोबर. मूळ अर्थानं मात्र राहिले ते मारेगावातले तिचे आईबाप, कारण सुटून मागं उरले ते. एकटं राहणाऱ्यांवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात गेलेल्या पोरांचीच हकिकत फार असते. क्रियापदाचा कल मागं उरलेल्यांकडे आहे.

विदर्भानं या क्रियापदाला आणखी एक काम लावलं. चालू काळ दाखवायला पुण्याचा माणूस "मी जातोय" म्हणतो, मारेगावचा म्हणतो "मी जाऊन राहिलो". हिंदीच्या "जा रहा हूँ" ची सावली यात आहे हे उघड आहे, आणि दोन्हीकडचं राहणं एकाच मुळाचं आहे. त्यामुळे इथल्या बोलीत "ती एकटी राहून राहिली" असं वाक्य सहज तयार होतं. प्रमाण मराठीच्या कानाला त्यात पुनरुक्ती वाटते. बोलणाऱ्याला वाटत नाही. पहिलं राहणं पत्ता सांगतं, दुसरं राहणं काळ सांगतं.

सरकारलाही या शब्दाची गरज लागते. कुठल्याही योजनेच्या अर्जाला जोडायचा तो रहिवासी दाखला. रहिवास या शब्दात दोन धातू शेजारी बसलेत: एक रह्, दुसरा वस्. वस्ती, वास, वसतिगृह ही वस् ची लेकरं. एक धातू सुटण्याचा, दुसरा टिकण्याचा, आणि दोघांच्या मधे तहसीलचा शिक्का. स्वीडनमध्ये हे काम कर खातं करतं. तिथल्या लोकसंख्येच्या नोंदवहीला फोल्कबूकफोरिंग म्हणतात. फोल्क म्हणजे लोक आणि बूकफोरिंग म्हणजे वहीखातं लिहिणं. 1991 पर्यंत ही वही चर्चकडे असे, मग ती कर खात्याकडे आली. 1947 पासून प्रत्येकाला एक व्यक्ती-क्रमांक मिळतो आणि त्याच्याशिवाय बँकेत खातं उघडण्यापासून मोबाईल घेण्यापर्यंत अडकायला होतं. परक्या देशात नवं गेलेलं माणूस त्या क्रमांकाची वाट पाहत असतं तेव्हा ते तिथं असतं, पण कागदोपत्री राहत नसतं.

आता जागा. मारेगावात बदलीवर आलेला शिक्षक किंवा बँकेतला कारकून किरायानं खोली घेतो. पुण्याकडे भाडं म्हणतात, विदर्भात किराया. शब्द अरबी, आला हिंदी-उर्दूच्या वाटेनं. घर वणीला किंवा यवतमाळला असेल तर हा माणूस खोलीच घेत नाही, तो अपडाऊन करतो. इंग्रजी रेल्वेच्या वेळापत्रकातून निघालेला हा शब्द विदर्भात आता पक्कं मराठी नाम झालाय. "ते अपडाऊनवाले आहेत" एवढं म्हटलं की तो माणूस गावात असतो पण गावचा नसतो हे समोरच्याला कळतं. स्टॉकहोममध्ये घरासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं, म्हणून नवखी माणसं दुसऱ्याच्या भाड्याच्या घरात पोटभाडेकरू होतात. स्वीडिश लोक त्याला आन्द्रा हान्द म्हणतात, म्हणजे दुसऱ्या हाताचं. आपल्याकडे मोटारसायकल सेकंडहँड असते, तिकडे छप्परही.

खोलीला बिऱ्हाड कधी म्हणायचं हा मराठीतला जुना नाजूक प्रश्न आहे. बाजलं, चूल, दोन भांडी आणि माणसं आली की बिऱ्हाड. एकट्या माणसाची खोली म्हणजे नुसती खोली. हा भेद मुळात नव्हता. बिऱ्हाडाचं जुनं रूप बिढार. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला म्हाइंभटांनी जमवलेल्या लीळाचरित्रात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि त्याचा अर्थ उतरण्याची जागा, मुक्काम इतकाच आहे. कानडीतही बिडार म्हणजे तळ, मुक्काम. त्या बिढारात कुटुंब असलंच पाहिजे अशी अट नव्हती. पुढं शहरांत चाळी झाल्या, जागा मोजून मिळू लागली, आणि बिऱ्हाड म्हणजे एक कुटुंब असं मोजमाप बसलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण मात्र जुन्या अर्थाशी इमान राखून आहे. विंचवाला कुटुंब पाठीवर न्यायचं नसतं. दोन बॅगा घेऊन विमानतळावर उतरलेल्या मुलीचं बिऱ्हाड हे त्याच जातीचं.

लीळाचरित्राचा विषय निघाला आहे तर आणखी थोडं थांबायला हवं, कारण एकट्यानं राहण्या-फिरण्याचा मराठीतला सर्वांत जुना शब्दसंग्रह तिथं आहे आणि तो विदर्भात लिहिला गेला. ग्रंथाचे तीन भाग: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. एकांक हा भाग महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी एकटे फिरत होते त्या काळाचा. भोवती शिष्य जमले, परिवार झाला, तिथून पुढचे दोन भाग सुरू होतात. माणसाच्या एकटेपणाच्या काळाला स्वतंत्र नाव देऊन तो चरित्राचा पहिला खंड करायचा, ही कल्पनाच विलक्षण आहे. महानुभावांच्या आचारधर्मात अटन आणि विजन हे दोन शब्द जोडीनं येतात. अटन म्हणजे एका जागी न रमता फिरत राहणं, विजन म्हणजे माणसांपासून दूर बसणं. आणि स्वामी रोज थोडं फिरायला बाहेर पडत त्याला विहरण म्हणत. कुणाला भेटायला नाही, कामाला नाही, देवळापर्यंत नाहीतर नदीपर्यंत जाऊन यायचं. आजच्या भाषेत छोटासा फेरफटका. त्या फेरफटक्याला नोंद ठेवण्याजोगी गोष्ट मानणारं ते पहिलं मराठी पुस्तक.

एकटेपणाचे शब्द एक या आकड्याभोवती जमले हे साहजिकच. त्यातला सर्वांत साधा एकटा. त्याचा जुना भाऊ एकला, प्राकृतातल्या एक्कल्ल वरून आलेला. हिंदीचा अकेला त्याच घरचा. मारेगावात दोन्ही चालतात, सुरुवातीला य लावून: येकटा, येकला. स्वीडिशमध्ये एन म्हणजे एक, त्याला साम हा प्रत्यय लावून एन्साम. घडण आपल्यासारखीच, पण तिथं या एका शब्दावर सगळा भार पडतो. एकटं असणं आणि एकटं वाटणं, दोन्हींना एन्साम. मराठीनं खाती वेगळी केली. एकटा ही नोंद आहे, एकाकी ही भावना, एकलकोंडा हा स्वभाव. एकलकोंड्यात कोंडणं ऐकू येतं. त्याला कुणी कोंडलेलं नाही, दाराची कडी त्यानं स्वतःच लावलीय. एकटादुकटा हा शब्द संख्या सांगता सांगता धोका सांगतो: एकट्यादुकट्यानं त्या रस्त्यानं जाऊ नये.

एकांत तर फारच मजेचा. एक आणि अंत: एकच टोक असलेली जागा. जैनांचा अनेकांत याच्या उलट, अनेक टोकांचा. पण लग्न झालेल्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही असं आपण म्हणतो तेव्हा तिथं माणसं दोन असतात. मराठी एकांताला माणसांची मोजणी करायची नसते, लुडबुड करणारं कुणी नसलं म्हणजे झालं. आठ माणसांच्या घरात वाढलेल्या मुलीला स्वीडनमधली खोली पहिले काही आठवडे एकांत वाटते. तीच खोली पुढं कधीतरी एकाकी वाटू लागते. खोली तीच, भिंती त्याच. नेमका कोणत्या दिवशी शब्द बदलला ते तिलाही सांगता येत नाही.

अविवाहित पुरुषाला सडा म्हणतात, सडाफटिंगही म्हणतात. फटिंगात मोकाटपणा आहे, पण सडा या शब्दाला घोड्याच्या टापांचा आवाज आहे. मराठ्यांच्या लष्करी पत्रांत फौज सडी होते. म्हणजे बुणगे, तंबू, बाजार, बायकामुलं मागं ठेवून नुसते घोडेस्वार पुढं निघतात. सड्या फौजेला वेग असे. पानिपतच्या मोहिमेत लढणाऱ्यांबरोबर न लढणाऱ्यांचा फार मोठा लोंढा होता, आणि सडं न होता आल्याची किंमत 1761 च्या जानेवारीत मोजावी लागली. सडा म्हणजे बिचारा असं मुळात नव्हतं. सडा म्हणजे ओझं नसलेला, म्हणून चपळ. अंगणात घालतात तो शेणाचा सडा हा वेगळा शब्द, कोकणातला कातळाचा सडा हाही वेगळा. उच्चाराची गाठ तेवढी पडलीय. दादा कोंडके यांच्या 1972 च्या चित्रपटानं गाजवलेला "एकटा जीव सदाशिव" हा वाक्प्रचार याच थाटाचा. त्याच्यात जीव आणि शिव या वेदान्तातल्या जोडीची यमकासाठी गंमत केलीय, आणि एकट्याला थेट स्मशानात रमणाऱ्या महादेवाच्या पंगतीला बसवलंय.

हे सगळं पुरुषाचं झालं. सड्याचं स्त्रीलिंगी रूप व्याकरणानं होतं, बोलण्यात येत नाही. एकटा माणूस म्हटलं की मोकळा माणूस डोळ्यापुढं येतो. एकटी बाई म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, सोबत कोण आहे? सोबत हा शब्द अरबी सुहबतचा, म्हणजे सहवासाचा. मराठीत येऊन तो बाईच्या बाबतीत पहारा झाला. मारेगावातली मुलगी बाजारात जातानासुद्धा "कोणासंगं चालली?" हे ऐकत मोठी होते. स्वीडनमध्ये तिचा पहिला छोटा प्रवास, समजा लोकलनं दोन स्टेशनं पलीकडच्या तळ्यापर्यंत जाऊन येणं, हा म्हणूनच नुसता फेरफटका नसतो. तो प्रश्न विचारायला कुणी नसतं.

न विचारण्याची दुसरी बाजूही आहे. मारेगावात रस्त्यावर निघालं की पानठेल्यापाशी कुणीतरी म्हणतंच, "कुठं जाऊन राह्यले जी?" याला उत्तराची अपेक्षा नसते. "इकडंच" म्हटलं तरी भागतं. माणूस दिसल्याची ती पोच असते. तशी पोच न मिळण्याला इथली बोली सुनं वाटणं म्हणते. सुनं म्हणजे शून्य. प्राकृतातलं सुण्ण होऊन आलेलं. एकापासून निघालेल्या शब्दांची रांग अशी शून्यापाशी येऊन थांबते: एकटी आहे हे चालतं, घर सुनं लागते हे चालत नाही. त्यातही वेळ संध्याकाळची असली तर अधिकच. त्या वेळेला मराठीत कातरवेळ म्हणतात, आणि संस्कृतात कातर म्हणजे भ्यालेला, अधीर. डिसेंबरात स्टॉकहोमला जेमतेम सहा तास उजेड असतो आणि तीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपली दोन घटकांची कातरवेळ तिथं दुपारीच येऊन बसते.

आता दुसरं क्रियापद, करमणं. आधी त्याची वाक्यातली बैठक पाहू. मी करमतो असं होत नाही. मला करमतं. आवडणं, सुचणं, भावणं यांच्यासारखंच हे क्रियापद माणसाला कर्ता होऊ देत नाही. माणूस चतुर्थीत बसतो, जे व्हायचं ते त्याला होतं. गंमत म्हणजे राहणं एरवी कर्त्याच्या ताब्यात असतं, पण मनाची गोष्ट आली की तेही चतुर्थीत जातं: मला राहवत नाही. करमत नाही आणि राहवत नाही, ही दोन वाक्यं एकापाठोपाठ येतात तेव्हा माणूस चपला घालतो.

शब्दाचं मूळ कोशकारांनी क्रमणं या क्रियापदाशी जोडलं आहे. काळ क्रमणं, म्हणजे वेळ घालवणं, हा प्रयोग जुन्या लेखनात नेहमीचा. कालक्रमणा हा शब्द आपण अजून वाचतो. जोडाक्षर तोडून मधे स्वर घालायची बोलीची रीत तर जुनीच: भ्रमाचा भरम, धर्माचा धरम, प्रसादाचा परसाद. तसा क्रमाचा करम. वेळ पुढं सरकली की करमलं, अडून बसली की करमेना. या करमण्यावरून करमणूक. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नाव हेच होतं. आज करमणूक म्हटलं की पडदा आणि मोबाईल डोळ्यासमोर येतो. म्हणजे बसून राहायचं.

संस्कृतातल्या क्रम् धातूला बसणं माहीत नाही. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं. तीन पावलांत त्रिभुवन व्यापलं तो त्रिविक्रम. पाऊल पुढं टाकलं की पराक्रम, दुसऱ्याच्या हद्दीत टाकलं की आक्रमण, हद्द ओलांडून टाकलं की अतिक्रमण. हा शेवटचा शब्द तर नगरपंचायतीच्या नोटिशीमुळे मारेगावातल्या पोरासोरांनाही पाठ. सूर्यानं एका राशीतून दुसरीत पाऊल टाकलं की संक्रांत. बौद्ध भिक्षूंचं संथ येरझारा घालणं ते चंक्रमण. या सगळ्या पावलांच्या घराण्यात आपलं घरगुती करमणं येऊन बसतं. वेळ जाणं म्हणजे वेळेनं पाऊल टाकणं. "करमते का तुले?" या प्रश्नाच्या तळाशी वेळ चालते का, हा प्रश्न आहे.

वेळ चालत नसेल तर आपण चालायचं, हा उपाय मराठीला नवा नाही. त्यासाठी शब्द किती तरी. चक्कर मारून येणं हा विदर्भाचा लाडका. चक्र वरून आलेला, निघालं तिथंच परत यायचं हे त्याच्या अर्थातच ठरलेलं. डोकं फिरलं तरी चक्कर आणि गावात फिरलं तरी चक्कर. पहिली येते, दुसरी मारावी लागते. फेरफटक्यातला फटकाही बहुरूपी आहे: तो लागतो, बसतो, आणि अनंत फंदींनी गाजवलेला कवितेचा प्रकारही तोच. हवा खायला जाणं हे फारसीच्या वळणावर गेलेलं. हवा शब्द तिकडूनच आला आणि ती खाण्याची तऱ्हाही. जेवणानंतरची शतपावली सर्वांत काटकसरी, शंभर पावलं झाली की आटोपलं. जपानमध्ये 1965 च्या सुमाराला पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, आणि तो आकडा जगभरच्या मोबाईलमध्ये शिरला. स्वीडनमधल्या मुलीचा फोन तिला रोज सांगतो अजून इतकी पावलं बाकी आहेत. तिची आजी शंभरात भागवत होती.

मारेगावातली खरी चक्कर वावरात जाते. वावर म्हणजे शेत. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश 1946 चा. अशा कोशांनी वावर आणि वावरणं यांचं नातं संस्कृत व्यापृ, व्यापार या शब्दांकडे नेलंय. व्यापार म्हणजे दुकानदारी हा नंतरचा अर्थ. आधीचा अर्थ कामात गुंतून हालचाल करणं. शेताला या भागात नाव मिळालं ते मातीवरून किंवा पिकावरून नाही, माणसाच्या तिथं असण्या-फिरण्यावरून. निवृत्त झालेला मास्तर संध्याकाळी "वावरात चक्कर मारून येतो" म्हणतो तेव्हा काम काहीच नसतं. तो पांदणीनं जातो, धुऱ्यावर उभा राहतो, पऱ्हाटी पाहतो, परत येतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, धुरा म्हणजे बांध. त्या धुऱ्यावरून जायच्या वाटेसाठी भांडणंही होतात, आणि शेतकऱ्याला हद्दीवरून रस्ता देण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 नं तहसीलदाराला दिलाय. आपल्याकडे वाट ही वहिवाटीनं मिळते. स्वीडनमध्ये उलट: आल्लेमान्सरेत्तेन, म्हणजे सर्वांचा हक्क. कुणाच्याही रानातून कुणीही चालावं, बोरंबेरं आणि अळंबी वेचावी, एखादी रात्र तंबूही ठोकावा. उभं पीक तुडवू नये आणि कुणाच्या अंगणात घुसू नये एवढंच. 1994 पासून हा हक्क तिथल्या राज्यघटनेत आहे. विदर्भातल्या धुऱ्याची भांडणं ऐकत वाढलेल्या मुलीला हे पहिल्यांदा खरंच वाटत नाही.

सहलीला स्वीडिशमध्ये उतफ्लिक्त म्हणतात, शब्दशः बाहेरचं उड्डाण. बरोबर न्यायच्या डब्याला मातसेक: मात म्हणजे खाणं, सेक म्हणजे पिशवी. ही आपली शिदोरीच. फरक एवढा की तिकडची शिदोरी एकट्याची असू शकते. आपली असत नाही. मारेगावच्या बाजूची सहल म्हणजे वावरात नाहीतर देवळापाशी गोवऱ्या पेटवून भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. एका माणसासाठी रोडगे कुणी लावत नाही. गोवऱ्यांचा आर धरायलाच चार माणसं लागतात. वनभोजन, पंगत, आवळीभोजन हे सगळे शब्द अनेकवचन गृहीत धरूनच निघालेले. एकट्याच्या सहलीला मराठीत नाव नाही. हिंडणं आहे, भटकणं आहे, पण त्या दोन्हींना जरा बोल लागलेला आहे. "कुठं हिंडत होतास?" यात चौकशीपेक्षा दटावणी जास्त. प्राकृतातलं हिंडइ बिचारं निर्दोष होतं.

स्वीडिशमधल्या फिका या शब्दानं ही अडचण थोडी सोडवली आहे. कॉफीच्या जुन्या काफ्फी या रूपाची अक्षरं उलटी करून बोलीभाषेनं तो केला. कॉफी, सोबत काही गोड, आणि थोडा वेळ हातातलं काम बाजूला. तो नामही आहे आणि क्रियापदही. आपल्या चहाचं असंच आहे. "चहा घ्यायचा का?" यात चहा कमी आणि थांबणं जास्त असतं. फिका एकट्यानंही करता येते. मारेगावच्या स्टँडवर एकटा माणूस चहा घेतो तेव्हा पेला संपेपर्यंत तो एकटा उरत नाही, शेजारचा बोलायला लागतोच. स्वीडनमधल्या कॅफेत तो पेला संपेपर्यंत एकटा राहू शकतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. यातलं चांगलं कुठलं हे ठरवायचं काम शब्दांचं नाही. ज्याला एकांत हवा त्याला दुसरं बरं, ज्याला सुनं लागतंय त्याला पहिलं.

परत त्या दोन प्रश्नांकडे. राहणं सुटण्यातून निघालं, करमणं पाऊल टाकण्यातून. राहणं जमलं म्हणून करमतं असं नाही, हे बोलणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं, म्हणून प्रश्न दोन आहेत. पत्ता, क्रमांक, भांडी, गादी, सगळं जमलं की राहणं पूर्ण होतं. करमणं खोलीच्या आत पूर्ण होईलच असं नाही. त्याच्या धातूत उंबरा ओलांडणं आहे. सुट्टीच्या दिवशी तळ्यापर्यंत चालत जाणं, ग्रंथालयात तासभर बसणं, बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसनं परत येणं, ही मोठी कामं नव्हेत. लीळाचरित्रात विहरणाची नोंद आहे ती अशाच फिरण्याची.

करमणं माणसाच्या हाती नाही हे वर पाहिलं. मला करमतं, मला करमत नाही. मी त्यात काही करत नाही. पण बोलण्यात या क्रियापदाचं आणखी एक रूप आहे: करमवून घेणं. इथं माणूस पुन्हा कर्ता होतो. ती करमवून घेते, त्यानं करमवून घेतलं. मुलगी लांब गेल्यावर शेजारीण आईला हेच सांगते, आणि आईही फोनवर मुलीला हेच सांगते. दोघीही सल्ला म्हणून सांगतात, सांत्वन म्हणून नाही. मारेगावात त्याचा अर्थ वावरात जाऊन येणं, बाजारात जाणं, कुणाच्या ओसरीवर टेकणं. स्वीडनमध्ये त्याचा अर्थ बूट चढवून तीन वाजायच्या आत, उजेड असेतो, बाहेर पडणं.